हळदीचा रंग आणि लेबलावरचा शब्द

साताऱ्याच्या पेठेत तीन पिढ्या किराणा-भुसाराचे दुकान चालविणाऱ्या एका घरातील मुलगा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन परतला, तेव्हा त्याच्या मनात हळदीच्या क्रीमचा व्यवसाय घोळत होता. आजोळ सांगलीचे. आजोबांची उभी हयात हळदीच्या अडतीत गेलेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभल्याने नावालाही वजन होते. नमुन्याच्या डब्या तयार झाल्या. लेबलाच्या मसुद्यात त्याने एक ओळ घातली होती : ‘पंधरा दिवसांत डाग मुळापासून नाहीसे.’ छपाईपूर्वी आशीर्वाद घ्यावा, म्हणून तो सांगलीस गेला.

आजोबांनी डबी हाती घेऊन विचारले, “यात मेण कशाचे? मध तर नाही ना?” मेण वनस्पतीचे, मध नाही, हे ऐकून त्यांनी दुसरा प्रश्न केला, “हळद ओली की वाळलेली?” कंद म्हणून ओली हळद त्या घरात वर्ज्य, शिजवून, उन्हात वाळवलेले हळकुंडच चाले. अर्क वाळलेल्या हळकुंडाचाच होता. मग त्यांनी लेबलावर बोट ठेवले. “आणि ही ओळ खरी आहे का?”

नातवाने शिकलेले सारे सांगितले. हळदीला पिवळेपणा देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. १८१५ मध्ये व्होगेल व पेलेतिए या रसायनज्ञांनी ते वेगळे केले. उन्हामुळे त्वचेत मुक्त मूलके निर्माण होऊन पेशींची हानी करतात. कर्क्युमिन त्यांना निष्प्रभ करते आणि दाहही कमी करते. म्हणून त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. आजोबा म्हणाले, “हे कशात दिसले?” नातू थोडा थांबला. “बहुतांशी प्रयोगशाळेत, आजोबा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, उजेडात लवकर बिघडते आणि त्वचेत फारसे उतरत नाही. त्वचेला उपयोग होऊ शकतो. पण पंधरा दिवसांत डाग जातील, असे म्हणता येत नाही.”

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी २००५ च्या महापुराची गोष्ट काढली. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पुष्कळांप्रमाणे त्यांचीही हळद होती. पेवाच्या बंद हवेत कीड जगत नाही, म्हणून हळद तेथे वर्षानुवर्षे टिके. पण पुराचे पाणी पेवांत शिरले आणि माल काळवंडला. एक खरेदीदार आला. “वाळवून वर रंग चढवतो, भावही बरा देतो,” असे त्याचे म्हणणे. हळकुंडे चकचकीत पिवळी दिसावीत म्हणून काही जण लेड क्रोमेट वापरतात, आणि त्यातील शिसे पोटात जाते, हे आजोबांना ठाऊक होते. त्यांनी माल दिला नाही. त्या वर्षीचे कर्ज फेडण्यास पुढची चार वर्षे लागली. मुलीच्या, म्हणजे या नातवाच्या आईच्या, बांगड्याही त्यात गेल्या.

“तो रंग हळकुंडावर चढणार होता,” आजोबा म्हणाले, “हा लेबलावर चढतो आहे.”

मुलगा साताऱ्यास परतला. ती ओळ त्याने खोडली. नव्या मसुद्यात एवढेच राहिले : ‘वाळलेल्या सांगली हळदीचा अर्क असलेले त्वचेचे क्रीम. मध व मधमाशीचे मेण नाही. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ उठल्यास वापरू नये.’ भागीदार म्हणून पुढे आलेला मित्र या मजकुरावर माल खपणार नाही, म्हणून बाजूला झाला. वडिलांनी हिशेब पाहून पहिली खेप निम्मी करण्यास सांगितले.

आता उत्पादनाच्या परवान्याची तयारी चालू आहे. दुकानात कोणी डागांवर औषध मागितले, तर मुलगा त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतो. उटण्यासाठी हळद हवी असेल, तर अख्खी हळकुंडे घेऊन घरी दळावीत, असे सांगतो. अख्ख्या हळकुंडात भेसळ ओळखणे सोपे जाते. आजोबांनी पहिल्या डबीची किंमत आगाऊ मोजून दिली आहे.