होटगी जंक्शनवर भेटलेली म्हातारी

सोलापूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की पंधराएक किलोमीटरवर एक स्टेशन लागतं. होटगी जंक्शन. बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबत नाहीत. पिवळी पाटी खिडकीत दिसते न दिसते, तोच मागं पडते. पण आज आपण इथं उतरायचं आहे. सोबत काय घ्यायचं? एक कागद, एक पेन्सिल, दोन चिंचोके आणि चार सवंगडी!

आधी जरा इकडंतिकडं बघा. सगळीकडं सपाट माळ आणि काळी जमीन. थंडीत आलात तर ज्वारीची ताटं उभी दिसतील. जवळच होटगीचा तलाव आहे. हिवाळ्यात तिथं दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब नावाचा हंस तर हिमालय ओलांडून आपल्या सोलापूर जिल्ह्यात येतो. तिकीट नाही, सामान नाही, आणि एवढा प्रवास!

आता रूळ बघा. मुंबईहून आलेली रेल्वे 1860 साली सोलापूरला पोचली आणि 1871 पर्यंत पुढं रायचूरला गेली. नंतर 1880 च्या दशकात होटगीहून विजापूर-गदगकडं दुसरा फाटा निघाला. गंमत म्हणजे हा फाटा अरुंद होता. मुख्य रुळांमधलं अंतर 1.676 मीटर, तर याचं बरोबर 1 मीटर. म्हणजे एका वाटेचा डबा दुसऱ्या वाटेवर चालायचाच नाही! आता तो फाटाही रुंद झाला आहे. पण होटगीला उभं राहिलं, की तीन दिशा आजही समोर असतात. मागं सोलापूर आणि तिथला भुईकोट किल्ला. एका बाजूला गुलबर्गा, जिथं 1347 साली बहमनी राज्याची राजधानी झाली. आणि दुसऱ्या बाजूला, भीमा ओलांडून, विजापूरचा गोलघुमट. घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं, तर थेट समोरच्या बाजूला ऐकू येतं.

तीन वाटा, तीन किल्ल्यांची शहरं आणि हिमालयापलीकडचे पाहुणे. सांगा बरं, गोष्ट सुरू करायला याहून चांगली जागा कुठली?

पण आपण गोष्ट नुसती ऐकायची नाही, खेळायची आहे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ छापला. पहिल्या खेपेला फक्त हजार पेट्या निघाल्या. आज तो जगभर खेळला जातो. यात एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, ‘तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर अमुक दिसतंय. आता काय करता?’ बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका असेल, तिथं फासे टाकायचे. जिंकणं-हरणं नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढं न्यायची. ती आठवडे न् आठवडे, कधी वर्षभरही चालते.

आता खरी मेख सांगते. असा खेळ पुढं चालेल की पहिल्याच दिवशी बारगळेल, हे बहुतेक वेळा पहिल्या प्रसंगावर ठरतं. पहिली गाठ कशी पडते, कुणाशी पडते, त्यावर सगळं! म्हणून ती नीट रचायची असते. कशी? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. राज्याचा इतिहास सांगत बसू नका. ‘हजार वर्षांपूर्वी एक राजा होता, त्याचे सात मुलगे होते...’ इथंच अर्धी मुलं जांभया देतात. त्यापेक्षा कुणालातरी आत्ता, या क्षणी, काहीतरी हवं असू द्या.

दुसरी. वेळ थोडा असू द्या. गाडी येते आहे, दिवा विझतो आहे, पाणी चढतं आहे, काहीही. नाहीतर सगळे विचारच करत बसतात.

तिसरी. एकापेक्षा जास्त वाटा खऱ्या असू द्या. मुलांनी कुठलीही निवडली, तरी पुढं काहीतरी असलंच पाहिजे. सगळं आधीच ठरवून ठेवलं आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, तर ते मुलांना लगेच कळतं.

चौथी, आणि सगळ्यांत महत्त्वाची. प्रत्येकाची गरज पडली पाहिजे. एकटा पैलवानच सगळं करणार असेल, तर बाकीच्यांनी काय शेंगा सोलायच्या?

हे नुसतं सांगून कळणार नाही. आमच्या चौथीच्या वर्गात शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही हा खेळ मांडला, तेव्हाचा पहिला प्रसंग सांगते. पात्रं चार: पैलवान, बहुरूपी, वैदू आणि वाटाड्या. वाटाड्याचं पात्र एका अबोल मुलीकडं आलं. तिच्या घरी कानडी बोलतात. आमच्या भागात हे नवं नाही, बाजारात एकाच पाटीपाशी दोन-तीन भाषा ऐकू येतात. पण वर्गात ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणायची, तेवढंच. मराठी चुकेल म्हणून गप्प.

मी सांगायला सुरुवात केली. ‘जादूच्या राज्यातलं होटगी जंक्शन. सांज झाली आहे. तिन्ही वाटांचे दिवे एकेक करून विझत चाललेत. शेवटची गाडी लांबून येताना ऐकू येते आहे. फलाटावर एक म्हातारी बसली आहे. तिच्या मांडीवर झाकलेली पाटी. पाटीत काहीतरी हलतंय. ती तुमच्याकडं बघून म्हणते, नीर बेकु.’

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. पैलवान म्हणाला, ‘पाटी हिसकावून बघू की!’ बहुरूपी म्हातारीची नक्कल करायला लागला. वैदूनं विचारलं, ‘काय म्हणालती बे ही?’ तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला, ‘पाणी मागतीया ती.’

सगळी डोकी तिकडं वळली! ‘विचार की, पाटीत काय आहे!’ तिनं कानडीत विचारलं. माझं कानडी मोजून चार शब्दांचं. म्हातारीनं काय उत्तर द्यावं हेही शेवटी तीच हळूच मला सुचवायला लागली. पाटीत जखमी पट्टकादंब होता, पायाला तीन रंगांचे दोरे बांधलेला. वैदूनं पंख बांधला. बहुरूप्यानं स्टेशनमास्तरचं सोंग घेऊन गाडी थांबवली. पैलवानानं म्हातारीला उचलून डब्यात बसवलं. जाताना म्हातारीनं विचारलं, ‘तीनातला एकच दोरा सोडा. कुठला?’ एक दोरा किल्ल्याकडं नेणारा, एक राजधानीकडं, एक कुजबुजणाऱ्या घुमटाकडं. आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली!

पुढच्या सोमवारी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि आपणहून म्हणाली, ‘बाई, मी घुमटाचा दोरा सोडणार.’ तिच्या तोंडून एवढं लांब मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. वाक्यात चूक होती की नव्हती, ते ऐकायला कुणालाच सवड नव्हती. बाकीचे तिघे तिच्याशी वाद घालत होते!

तेव्हा तुम्ही सूत्रधार व्हाल, तेव्हा आधी सवंगड्यांकडं बघा. कुणाला काय येतं? कुणाला शेतातली पाखरं ओळखता येतात, कुणाला पाढे, कुणाला वेगळी भाषा, कुणाला नुसतं शांत बसून ऐकता येतं. त्यातल्या एकेका गोष्टीचं कुलूप पहिल्या प्रसंगाला लावून ठेवा. किल्ली ज्याच्याकडं आहे, त्याला ते आधी सांगू नका.

आता फाशांचं. विकतचे वीस बाजूंचे फासे नसले तरी अडत नाही. चौकाबारा, अष्टाचम्मा खेळताना घेता तसे दोन चिंचोके मधोमध फोडा, चार फाका होतील. चारही एकदम टाका आणि पांढऱ्या बाजू मोजा. फाक दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर एकूण 16 तऱ्हा होतात. शून्य किंवा एक पांढरी पडण्याच्या 5, दोन पडण्याच्या 6, तीन किंवा चार पडण्याच्या 5. शून्य-एक आलं तर काम फसलं. तीन-चार आलं तर फत्ते. आणि दोन आलं, तर काम होतं पण काहीतरी गमवावं लागतं. दिवा विझतो, चप्पल रुळात अडकते, शेंगाचटणीची पुडी सांडते! खरी मजा या ‘दोन’मध्येच असते. मात्र जी गोष्ट कळल्याशिवाय खेळ पुढंच सरकणार नाही, ती चिंचोक्यांवर सोडू नका. ती सरळ सांगून टाका.

होटगीच पाहिजे असं काही नाही. तुमच्या गावाचा एस.टी. स्टँड चालेल, आठवड्याचा बाजार चालेल, नदीचा उतार चालेल. जिथं वाटा फुटतात आणि अनोळखी माणसं भेटतात, अशी जागा निवडा. एक दिवस तिथं मोठ्या माणसाबरोबर जाऊन तासभर नुसतं बसा. कोण कुठून येतं, पाटीत काय आहे, कुठल्या भाषेत भांडतात, ते वहीत टिपा. रुळांवर मात्र पाऊलही टाकायचं नाही, धाडस सगळं कागदावरच!

मग शनिवारी चौघांना गोळा करा, चिंचोके मांडा आणि विचारा, ‘समोर एक म्हातारी बसली आहे. आता काय करता?’