माझे कोरे रुपये मी विकतो आहे

नाणी विकणाऱ्या संग्राहकाबद्दल माझ्या मनात अढी होती. प्रदर्शनात एखाद्या ओळखीच्या माणसाने आपली नाणी टेबलावर विकायला मांडली की मला ते बघवत नसे. संग्रह वाढवायचा असतो, फोडायचा नसतो, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. आता मीच माझे चांदीचे रुपये विकायला काढले आहेत. पैशाची नड नाही. मत बदललं आहे, आणि का बदललं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं.

माझ्याकडे मुख्यतः पंचम जॉर्जचे रुपये आहेत, बरेचसे मुंबई टांकसाळीचे. कोरे, म्हणजे चलनात न फिरलेले. वजन 11.66 ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की सरकारला 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची नोट काढावी लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. त्या काळात रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. लोकांनी त्यातले कितीतरी खर्च न करता गाठीला बांधून ठेवले, म्हणून आजही एखादा कोरा हाती लागतो.

त्यातला 1919 चा एक मला सगळ्यात प्रिय आहे. कडेला धरून दिव्याखाली जरा तिरका केला की प्रकाशाचे दोन पट्टे राजाच्या चेहऱ्याभोवती गरगर फिरतात. ठसा पडताना धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेघा उमटतात. ती झळाळी या रेघांची. फडक्याने एकदा जोरात घासलं की रेघा गेल्या, त्या परत येत नाहीत. झग्यावरचा चिमुकला हत्ती सोंडेसकट स्पष्ट दिसतो. (1911 च्या रुपयावर हाच हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, गहजब झाला, ती नाणी मागे घ्यावी लागली आणि 1912 पासून हत्ती नव्याने कोरला गेला.) मागे कमळाखाली मुंबईचा ठिपका आहे.

आणि रंग! मधला भाग अजून पांढरा, अक्षरांपाशी मधासारखा सोनेरी, त्याच्या बाहेर जांभळा, अगदी कडेला निळा. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा पातळ थर धरतो. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो: आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा आणि शेवटी काळा. खऱ्या टोनिंगमध्ये, म्हणजे आपोआप चढलेल्या रंगात, हा क्रम बहुधा चुकत नाही. आच देऊन किंवा रसायन लावून चढवलेला रंग क्रम सोडून येतो, झळाळीवर वेगळाच तरंगतो. माझ्या रुपयावरचा रंग कागदी पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहून आलेला आहे.

मग असं नाणं विकायचं कशाला?

माझा एक संग्राहक मित्र गेला. माझ्याहून जाणकार. घरच्यांनी त्याचा डबा सराफाकडे नेला, सराफाने तराजूत टाकला आणि भाव सांगितला. घरच्यांना दोष देता येत नाही. त्यांना ती चांदी दिसली, आणि ती होतीच. पण त्या डब्यातली काही नाणी मी हातात घेतलेली होती. ती मोडीत गेली, मुशीत आटली.

ही भीती आता वाढली आहे. चांदीने किलोला लाखाचा भाव ओलांडला. एका रुपयात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे नुसत्या धातूचेच हजारावर झाले. झिजलेल्या, नेहमीच्या सालाच्या रुपयाला संग्राहक जेवढे देईल जवळपास तेवढेच आटणीवालाही देतो. माझ्या मुलीने स्पष्टच सांगितलं, "बाबा, यातलं कोणतं जपायचं हे आम्हाला कळणार नाही." तिचं बरोबर आहे. ही ओळख डोळ्यांनी होते, मृत्युपत्राने नाही.

आजवर ही नाणी कोरी राहिली, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी त्यांना हात न लावता ठेवलं. पुढचा माणूस कोण, हे मी शहाणा-सुरता असतानाच ठरवावं, असं आता मला पटलं आहे. विकणं म्हणजे संग्रह फोडणं, हे माझं जुनं मत मी सोडून दिलं.

मात्र विकतो ते माझ्या अटींवर. एका व्यापाऱ्याने सगळा लॉट मागितला. टोन झालेल्या नाण्यांकडे बघून म्हणाला, "काळे पडलेत, धुऊन घेऊ." त्या धुण्यात थायोयुरिया आणि आम्ल असतं, रंगासोबत वरची चांदीही थोडी जाते आणि दोन-चारदा बुडवलं की नाणं मढ्यासारखं पांढरंफटक होतं. मी नकार दिला. आता एकेक नाणं एकेका संग्राहकाला देतो, न धुता, फोटोत रंग न खुलवता. सोबत चिठ्ठी देतो: टांकसाळ, साल, कुठल्या कागदात होतं. परदेशातल्या परिचितांना नाही म्हणावं लागतं; शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तो कायदा मला योग्यच वाटतो.

लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये मात्र घरातच राहतील. ते वर्षानुवर्षं चिंचेने घासले गेले आहेत, दुधाने न्हाले आहेत, हळदकुंकवाने माखले आहेत. त्यांची जागा देव्हाऱ्यात आहे.

तुमच्या घरातही अशी पुरचुंडी असेल. दिवाळीआधी पितांबरी हातात घेण्यापूर्वी एकदा प्रत्येक रुपया कडेला धरून उजेडात फिरवून बघा. एखाद्यावर प्रकाश फिरताना दिसला, कडेला रंग दिसला, तर तो घासू नका आणि सराफाच्या तराजूतही टाकू नका. आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा.