परकोटाच्या आतली अमरावती

अमरावतीला आपण जातो ते कामाने. कचेरी, दवाखाना, पोरांचे कॉलेज, नाहीतर लग्नाचा बस्ता. काम उरकले की परतीची एस.टी. गाठायची घाई. यात त्या शहराचा जुना भाग पाहायचा राहूनच जातो. तेव्हा पुढच्या खेपेला दोन तास जास्तीचे काढा आणि घरच्यांना घेऊन परकोटाच्या आत पायी फिरून या. हा परकोट आपल्याच काळ्या रानातल्या पऱ्हाटीच्या पैशासाठी उभा राहिला आहे.

चांदूर रेल्वेहून निघालात तर वाटही पाहण्यासारखी आहे. रेल्वेने गेलात तर बडनेऱ्याला उतरावे लागते. एस.टी. मात्र पोहऱ्याच्या डोंगरातून जाते. सपाट वऱ्हाडात हा चढउताराचा, सागवानाचा तुकडा डोळ्यांना बरा वाटतो. बिबट्याचे जंगल आहे, म्हणून फटफटीवर असाल तर अंधार पडायच्या आत परता. वडाळी आली की शहर सुरू होते.

राजकमल चौकातून जवाहर गेटकडे वळा. समोर काळ्या दगडाची कमान दिसेल. परकोटाची भिंत सुमारे सव्वादोन मैलांची, कुठे कुठे पंचवीस फुटांपर्यंत उंच. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस जाईल येईल एवढा लहान दरवाजा. त्यातली एक खुनारी खिडकी. जुन्या काळी तिथे झालेल्या रक्तपाताचे नाव तिला चिकटून राहिले आहे.

निजामाच्या अमलात १८०७ साली भिंतीचे काम सुरू झाले. खर्च चार लाख रुपये, त्या काळचे! कारण पेंढारी. अमरावती तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. एवढा पैसा उघड्यावर कसा ठेवायचा? म्हणून सावकारांसाठी भिंत. गंमत अशी की ती पुरी होईपर्यंत १८२१ साल उजाडले, आणि पेंढारी तर १८१८ मध्येच मोडले गेले होते.

आता कापूस पिकवणाऱ्याला काय मिळाले ते पाहा. त्याच्या वाट्याला गावची पांढऱ्या मातीची गढी. धाड आली की बायकापोरे, गुरेढोरे घेऊन तिच्या आसऱ्याला धावायचे. त्या गढ्यांची माती आपणच पुढे खत म्हणून बंड्या भरभरून शेतात नेली. दगडाची भिंत उरली, मातीची शेतात मिसळली.

आत शिरल्यावर घाई करू नका. सराफा, सक्करसाथ, बुधवारा अशी नावे वाचत चला. साथ म्हणजे ठोक व्यापाराची जागा. नावावरूनच कळते तिथे काय विकले जाई. गल्ल्या अरुंद आहेत, जुन्या वाड्यांची लाकडी खांबांची ओसरी अजून कुठे कुठे दिसते. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली, कापूस मुंबईकडे वळला आणि लमाणांचे तांडे थांबले.

अंबागेटमधून बाहेर पडलात की अंबादेवी आणि एकवीरा. रुक्मिणीचे हरण इथूनच झाले अशी आख्यायिका आहे, आणि तिचे माहेर कौंडण्यपूर तर आपल्या शेजारी, वर्धेच्या काठी. पण नमस्कार करताना मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. या देवळात अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना जाता येत नव्हते. ते दार उघडावे म्हणून १९२७ च्या नोव्हेंबरात याच शहरात, इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते. पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिखाते सांभाळले तेच हे भाऊसाहेब. परकोटाच्या पाच दरवाजांपेक्षा हे एक दार उघडायला जास्त बळ लागले, असे मला वाटते.

भूक लागली तर गिला वडा खा. दह्यासोबत तिखट सोसवते.

परतताना भिंतीला खेटून थोडे चाला. काही ठिकाणी घरे तिला टेकली आहेत, काही ठिकाणी सांध्यांतून पिंपळ उगवले आहेत. शेतकऱ्याला पिंपळाचा स्वभाव सांगायला नको. वरून छाटला की तो दुप्पट जोमाने फुटतो, आणि मूळ आत दगड ढकलत राहते. रोप बोटाएवढे आहे तोवर मुळासकट काढून ती फट चुन्याने बुजवली तर भिंत वाचते. मूळ मनगटाएवढे झाले की ते उपटताना दगडच हाती येतो. परकोटाचे असे किती दगड निखळले, ते तुम्हीच जाऊन पाहा. कापूस वेचणी आटोपल्यावर, माघ-फाल्गुनात सकाळी जा. नवरात्रात मात्र नको. गर्दीत भिंत दिसत नाही.