मोत्याला हाक मारताना

शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट मला नेहमी दिसते. धन्याने "मोत्या" म्हटले, की कुत्रे शेपूट पायांत घालते. घालणारच! नावापाठोपाठ दगड येतो, नाहीतर साखळी.

घोड-भीमेकाठच्या उसात आता बिबट्याने ठाण मांडले आहे. अकोले तालुक्यातला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा तिन्हीसांजेला कुत्रे एका हाकेत अंगणात यायला हवे.

याला पैसा लागत नाही. कुत्रे जवळ असताना नाव एकदाच, गोड आवाजात घ्यावे. मान वळली की लगेच भाकरीचा तुकडा. रोज चार-सहा वेळा एवढेच, मग हळूहळू अंतर वाढवावे. आल्यावर थोपटून पुन्हा मोकळे सोडावे. दर वेळी बांधले तर पुढच्या हाकेला ते उसातच बसेल. रागावताना नाव घेऊ नये. धनी मोत्या म्हणतो, पोरे टायगर, हेही नको.

नाव फारच बिघडले असेल तर सरळ नवे ठेवावे. दौंडकडच्या एका आजींनी राजाचा सोन्या केला. नातवालाही त्या सोन्याच म्हणतात. हाकेसरशी दोघेही चुलीपाशी हजर!