साडेतीन शिलिंगांचा रोखपाल

ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' शाळेत असताना वाचणं निराळं आणि बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी करून वाचणं निराळं. शाळेत मी अर्थातच फिलिआस फॉगच्या पार्टीत होतो. २०,००० पौंडांची पैज मारून २ ऑक्टोबर १८७२ ला रात्री पावणेनऊच्या गाडीनं जग फिरायला निघणारा माणूस! आमच्या घरी पंढरपूरला जायचं तरी आठ दिवस आधी वळकट्या बांधायला सुरुवात व्हायची.

परवा मुलासाठी पुस्तक आणलं आणि तिसऱ्या प्रकरणातच अडकलो. बँक ऑफ इंग्लंडमधून ५५,००० पौंडांच्या नोटांचं पुडकं चोरीला जातं. कुठून, तर मुख्य रोखपालाच्या टेबलावरून. आणि रोखपाल त्या वेळी काय करत होता? साडेतीन शिलिंग जमा झाल्याची नोंद! व्हर्ननं हे गमतीनं लिहिलंय. पण काउंटरवर बसलेल्या कुणालाही विचारा. मोठी रक्कम बिचारी मुकाट्यानं येते-जाते. जीव खाते ती चिल्लर. आमच्या एका रोखपालाला संध्याकाळी टॅलीत दोन हजार कमी आले. रात्री नऊपर्यंत आम्ही टेबलाखाली, टोपलीत, वहीच्या पानापानांत शोधलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून भरले. मुलीची सहल गेली. घरी कारण 'पावसामुळे रद्द' असं सांगितलं म्हणे.

त्यामुळे फॉग मुंबईत आला तरी माझं लक्ष लागेना. तसं त्याचंही लागलं नव्हतं म्हणा. शहराकडे ढुंकूनही न पाहता गृहस्थ स्टेशनात जेवला. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरला, मार खाल्ला, बूट गमावले, बऱ्हाणपूरला सपाता घेतल्या. तेच बूट पुढे कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून हजर! पुढे रूळ संपले म्हणून फॉग २,००० पौंडांना हत्ती घेतो. वास्तविक मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे १८७० सालीच सुरू झाली होती. आमच्या ऑडिटरनं हत्तीचं व्हाउचर जन्मात पास केलं नसतं.

शेवटचा हिशेब मात्र चोख. खर्च सुमारे १९,०००. उरलेले १,००० पासपार्तू आणि गुप्तहेर फिक्स यांना वाटून दिले, आणि पासपार्तूच्या वाट्यातून त्यानं जळत ठेवलेल्या गॅसचे १,९२० तासांचे पैसे कापले. दिवसाला दोन शिलिंग, म्हणजे आठ पौंड. मी कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे.

खरा चोर १७ डिसेंबरला एडिंबरोत पकडला जातो. पण रोखपालाचं काय? त्याचं साधं नावही व्हर्न देत नाही.

"बाबा, तो एक दिवस कसा वाचला ते सांगा ना," मुलगा मागे लागला होता. पूर्वेला गेलं की दर अंशाला चार मिनिटं, ३६० अंशांचे चोवीस तास, असं त्याला सांगितलं. तो खूश झाला. मग मी हळूच विचारलं, "त्या कॅशिअरला कामावर ठेवलं असेल का रे?"

"कोण कॅशिअर?" तो म्हणाला.