जलदुर्गाचे अभ्यंगस्नान

किल्ला पाहणे निराळे आणि किल्ल्यावर काम करणे निराळे. पाहणाऱ्याला बुरूज, दरवाजे आणि पलीकडचा निळा समुद्र दिसतो. हाती विळा घेतलेल्या माणसाला मात्र गवत, मुळे आणि पाणी तुंबलेले पन्हळच आधी दिसू लागतात. मालवणच्या सिंधुदुर्गाला आम्ही बेळगावकर मंडळी आजवर अनेकदा जाऊन आलो होतो. शिवराजेश्वराचे दर्शन घ्यावे, तटावरून चार पावले हिंडावे, होडीवाल्याने हाक मारली की परतावे, असा आमचा परिपाठ. दसऱ्याच्या सुटीत तो मोडून आम्ही तेथे तीन दिवस श्रमदान केले. त्याचा हा वृत्तांत.

आम्ही एकंदर चौदा जण होतो. त्यांत शिक्षक-शिक्षिका होत्या आणि आता नोकरीधंद्याला लागलेले काही माजी विद्यार्थीही होते. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ करीत मालवण गाठले आणि बंदराजवळच बिऱ्हाड केले. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. दर्या शांत झाला की ती पुन्हा सुरू होते आणि नेमके तेव्हाच किल्ल्यावरचे गवत पुरुषभर उंच झालेले असते. म्हणून अशा कामाला हाच काळ योग्य.

ज्या बेटावर हा दुर्ग उभा आहे त्याचे नाव कुरटे. सिद्दीचा जंजिरा हाती येईना, तेव्हा शिवछत्रपतींनी समुद्रात आपले स्वतःचे ठाणे उभारण्याचा निश्चय केला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरील मोरयाच्या दगडापाशी पूजा होऊन कामास प्रारंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांनी, १६६७ मध्ये, दुर्ग पूर्ण झाला. बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडले जाते. क्षेत्र सुमारे ४८ एकर. तटाची उंची तीस फुटांच्या घरात, रुंदी बारा फुटांची, आणि नागमोडी वळणे घेत जाणारी त्याची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडविला आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत नवख्याला तो सापडत नाही.

आमच्या वाट्याला ह्या तटावरील वाटेचा एक तुकडा आणि तटावर चढणारे दोन जिने आले होते. दुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्यामुळे रीतसर परवानगी आणि खात्याच्या कर्मचाऱ्याची देखरेख ह्यांवाचून तेथे गवताची काडीही कापता येत नाही, आणि हे योग्यच आहे. पहिल्या सकाळी आम्हांला नियम सांगण्यात आले. खणावयाचे नाही. पडलेला चिरा उचलून आपल्या मनाने बसवावयाचा नाही. जुनी कौले, खापरे, काही सापडले तर ते जागचे हलवू नये, आधी दाखवावे. आग लावावयाची नाही. आणि भिंतीत रुजलेले झाड ओढून काढावयाचे नाही.

हा शेवटचा नियम आमच्या तरुण मंडळींना काहीसा चमत्कारिक वाटला. पिंपळ तटाचा शत्रू, मग तो उपटावयाचा का नाही? उत्तर मिळाले ते किल्ल्यावरच्याच एका आजींकडून. दुर्गात आजही मोजकी कुटुंबे राहतात, त्यांपैकी त्या एक. आमच्यातील एका मुलाने सांध्यातल्या पिंपळाच्या रोपट्याला हात घालताच त्या म्हणाल्या, "ओढू नको रे बाबा! मूळ आत गेला हा. ओढलंस तर चिरो सुटतलो." पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, तेथे धुळीचा आणि कुजलेल्या पाल्याचा चिमूटभर थर असला तरी ते रुजते. मूळ चुना शोधीत आत जाते आणि जाड होत होत दोन चिऱ्यांना दूर सारते. अशा वेळी मूळ हाच तेथला आधार होऊन बसतो. ते हिसकले की चिरा निखळतो. नुसता शेंडा छाटला तर दुप्पट फुटवे येतात. म्हणून अशी झाडे जाणकारांसाठी राखून ठेवावी लागतात. आम्ही त्यांची केवळ नोंद करून दिली.

आमचे काम साधे होते. सकाळी सातच्या सुमारास होडीने जावयाचे आणि ऊन चढेपर्यंत राबावयाचे. मग दुपारची विश्रांती, आणि उन्हे कलली की पुन्हा काम. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ते झोडपावे लागे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा हे फुरशांचे माहेरघर. पायांत गुडघाभर बूट, हातांत मोजे. घाणेरी, टाकळा, आघाडा आणि रानमोडी विळ्याने कापावी, पाटीत भरावी आणि तटाखाली नेमून दिलेल्या जागी टाकावी. कापलेले तटावरच सोडून चालत नाही. ते कुजले की माती होते, आणि माती झाली की पुढच्या पिंपळाची सोय झाली! गवताखाली दडलेले पन्हळ मोकळे केले तेव्हा त्यांतून प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने निघाली. ह्या बाटल्यांनी अडविलेले पाणी तटाच्या पोटात मुरते. तोफांना पुरून उरलेल्या भिंती अशा पाण्याने आतून पोकळ होतात.

दुपारी विश्रांतीला आम्ही विहिरींपाशी बसत असू. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ही त्यांची नावे. चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी! बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्याहून हलका असल्याने त्याच्यावर राहतो, हे शास्त्र आम्ही वर्गात शिकवितो. ओंजळीत घेऊन ते चाखले येथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आज्ञापत्राचा विषय निघाला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास सिद्ध केलेल्या ह्या ग्रंथातील दुर्गप्रकरण आम्ही पूर्वी पाठ्यांश म्हणून वाचले होते. तटावर वाढणारी झाडी वरचेवर कापावी, तटावरचे आणि तटाखालचे गवत जाळून काढावे, असे त्यांत सांगितले आहे, आणि ह्या कामाला अमात्यांनी 'गड न्हाणणे' असा सुंदर शब्द योजिला आहे. आता आग निषिद्ध आहे, कारण धगीने दगड तडकतो आणि चुना कमकुवत होतो. पण कर्तव्य तेच आहे. ज्या राज्याने इतके गड बांधले, त्याने ते दरवर्षी न्हाणण्याचीही आज्ञा लिहून ठेवली. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. न्हाणणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु साडेतीनशे वर्षांनंतर तट उभा आहे, त्यात त्यांचाही वाटा आहे.

११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' ह्या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. सिंधुदुर्ग त्या बारांत आहे. आपणां सर्वांस ह्याचा आनंद झाला, आमच्या शहरात पेढेही वाटले गेले. परंतु यादीत नाव गेल्याने गवत उगवावयाचे थांबत नाही. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आम्हांला प्रिय आहे, आणि दिवाळीत गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले करतात त्यांचे कौतुकही आहेच. तथापि मिरवणुकीतील अभिमान एका रात्रीचा असतो. वाट राखण्याचा अभिमान दरवर्षी नव्याने सिद्ध करावा लागतो.

तिसऱ्या संध्याकाळी आमचा तुकडा मोकळा झाला. दोन जिन्यांच्या पायऱ्या उघड्या पडल्या आणि तटावरून दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतील अशी वाट झाली. दक्षिणेकडे पद्मगडाचे छोटे बेट सायंप्रकाशात दिसत होते. सहलीला आलेले एक कुटुंब त्या वाटेने सहज चालत गेले. आजोबा पुढे, नातू मागे. काल तेथे काय होते ह्याची त्यांना कल्पनाही नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नाही. वाट दुरुस्त करणाऱ्याला एवढेच पारितोषिक मिळते आणि तेवढे पुरेसे असते.

मराठीत 'वहिवाट' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या वाटेने पाऊल पडत राहते ती वाट राहते. पाऊल थांबले की दोन पावसाळ्यांत ती नाहीशी होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालविणाऱ्या आम्हां लोकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भाषेची वाटही भाषणांनी मोकळी राहत नाही. घरात रोज वापरल्यानेच राहते.

वाचकांपैकी कोणास असे काम करावेसे वाटल्यास प्रथम परवानगी घ्यावी आणि जाणकारांच्या हाताखालीच काम करावे. उत्साहाने केलेली चुकीची दुरुस्ती दुर्लक्षापेक्षा अधिक नुकसान करते. इंदूर-ग्वाल्हेरकडील किंवा बडोद्याच्या मंडळींना मालवण दूर पडेल. पण आपल्या गावाजवळ एखादी जुनी बारव, एखादी छत्री, एखादा घाट असेलच. त्याचीही वाट बुजत चालली असेल. आम्ही मंडळींनी पुढल्या दसऱ्याला पुन्हा सिंधुदुर्गावर जाण्याचे ठरविले आहे, कारण तोवर गवत पुन्हा पुरुषभर वाढलेले असेल.