खारबांधावरची दौड

अलिबाग म्हटले की डोळ्यांपुढे येतो कुलाबा किल्ला आणि वाळूतली घोडागाडी. त्याच तालुक्याची दुसरी बाजू मात्र फारसे कोणी पाहत नाही. ही बाजू धरमतर खाडीची. इथे वाळू नाही. चिखल, तिवरांची रांग आणि समुद्राला शेताबाहेर थोपवून धरणारा मातीचा लांबलचक बांध. ऑगस्टमधल्या एका रविवारी पेणच्या आमच्या वस्तीतली चार पोरे आणि एक पोरगी घेऊन मी या बांधावर धावायला गेलो होतो. अंतर ठरले होते २४ किलोमीटर.

एवढ्या चिखलात कशाला, असे घरोघरी विचारले गेलेच. दोन पोरांना जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन पळायची आहे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. दोघे राज्य राखीव दलाच्या भरतीसाठी ५ किलोमीटरचा सराव करतात. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. तिला धावायचे ८०० मीटर. तिची आई चार घरची धुणीभांडी करते आणि वर्षभराच्या खुराकाचा खर्च उसनवारीवर चालला आहे. ८०० मीटरसाठी २४ किलोमीटर कशाला, हा तिच्या आईचा प्रश्न रास्तच होता. परंतु लांब व सावकाश धावण्यानेच दम वाढतो, वेग नंतर येतो. शिवाय अकादमीची फी परवडत नाही, बांध फुकट आहे.

खाडीकाठी धावायचे तर घड्याळाआधी तिथी पाहावी लागते. कोळी बांधवांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पहाटे ओहोटी संपून पाणी चढू लागलेले असणार, आणि पुढचा टप्पा नऊच्या आत पार करायला हवा. हे गणित मी बी.कॉम.ला शिकलो नाही, एका मासळीवालीने शिकवले.

पहाटे रिक्षाने पोयनाड गाठले, सहाला शहापूरच्या बाजूने बांधावर चढलो. बांधाचा माथा जेमतेम दोन माणसांचा. एका अंगाला लावणी झालेले हिरवेगार भात, दुसऱ्या अंगाला तिवर आणि गढूळ पाणी. खारीची माती चिकण. शंभर पावलांत बुटाला एवढी चिकटते की बूट दुप्पट जड होतो. दर थोड्या वेळाने काडीने तळ खरवडावा लागतो. अनवाणी पळू म्हणावे तर कालवांच्या शिंपा पाय कापतात. इथे लांब ढांग टाकणारा हमखास घसरतो. पाऊल लहान, टाच न आपटता, नजर चार हात पुढे, नाडी घट्ट. पहिल्या तासात आम्ही सहाच किलोमीटर गेलो. डांबरी रस्त्यावर हीच पोरे त्या वेळात दहा जातात. एक जण दोनदा शेतात पडला. त्याला हसण्याइतका दम कोणालाच उरला नव्हता.

सव्वाआठच्या सुमारास बांध संपला. खरे तर तुटला होता. मागच्या अमावास्येच्या उधाणात तिथे खांड गेली होती. आठ-दहा हात रुंद तोंडातून खाडीचे पाणी शेतात शिरत होते. पाचसहा बायाबापे बांबू, दगड आणि चिखल घेऊन ते बुजवत होते. पोरे पाण्यात उतरायला निघाली. पाणी मांडीपर्यंतच होते. एका म्हाताऱ्या आजीने हात आडवा केला. म्हणाली, "आता जाल पलीकडं, पन येताना कुठून याल?"

सर्वांत आधी मागे वळली ती पोरगी. तिचा पाय मुरगळला तर अख्खे वर्ष गेले. पोरे मात्र कुरकुरली, कारण दौड अर्ध्यावर आली होती. मग आजीने सांगितले की परवा पौर्णिमा, उधाण पुन्हा येणार, त्याआधी खांड बुजली नाही तर खारे पाणी सगळ्या शेतावर फिरेल आणि दोन-तीन वर्षे पावसाने धुतल्याशिवाय जमीन भात देणार नाही. तिचे स्वतःचे एक एकर खांडीच्या तोंडाशीच होते.

कोणी कोणाला सांगितले नाही. पोरांनी रांग धरली आणि चिखलाची ढेकळे हातोहात पुढे जाऊ लागली. पोरगी रांगेच्या कोरड्या टोकाला उभी राहिली. हे काम धावण्यापेक्षा अवघड आहे. कंबर मोडते. पाऊण तासाने पाणी इतके चढले की सगळ्यांनाच थांबावे लागले. उरलेले काम ओहोटीला.

परत आलो ते आतल्या बांधाने. तिथून चरीकडे जाणारा रस्ता दिसतो. १९३३ च्या ऑक्टोबरात याच भागातील कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. तो १९३९ पर्यंत चालला. १९३४ साली बाबासाहेब चरीला आले आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. सहा वर्षे माणसांनी जमिनी कसल्या नाहीत. पोरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की सहा वर्षे बांध कोणी राखले? मी माहिती काढतो म्हणालो.

पोयनाडला पोहोचलो तेव्हा घड्याळात १९ किलोमीटर भरले होते. मीठ-साखर-लिंबाचे पाणी संपले होते. जखमा साबणाने धुऊन घेतल्या, कारण पावसाळ्यात चिखलाच्या पाण्यातून लेप्टोची भीती असते. बूट रिक्षात घेऊ देईना, ते टपाला बांधले.

पुढच्या रविवारी पंचमी. पावणेचारला भरती, दहाला ओहोटी. हा हिशोब पोरीने बोटांवर माझ्याआधी केला. फावडी किती लागतील, हेही तिनेच विचारले.